खरी प्रत

सात वर्षं माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात
एक फिकट ओळ उभी होती:
तुमची प्रत अस्सल नाही.

डिचोली मामलेदार कचेरी, खिडकी क्रमांक तीन.
त्या ओळीच्या साक्षीनं मी
रहिवासाचे दाखले काढले, उत्पन्नाचे, जातीचे,
म्हाताऱ्यांच्या हयातीचेसुद्धा,
आणि एकेकावर ठप्पा मारला: खरी प्रत.
कुणी काही विचारलं नाही.
इनास शिपायानं तर शेवटी त्या ओळीवर
फेस्ताच्या सोडतीचा स्टिकर चिकटवला.

एप्रिलात पणजीहून परिपत्रक आलं.
परकी प्रणाली बंद, आता देशाची स्वतःची.
नाव संस्कृत, इतकं जोडाक्षरी
की हेडक्लार्क दोनदा अडखळले
आणि तिसऱ्यांदा नुसतं 'ती नवी' म्हणाले.
ती नवी घेऊन आली साखळीची सोनिशा पर्येकर,
गळ्यात पेन ड्राइव्ह,
दुकानाच्या किल्लीसारखा.

म्हणाली, काका, हिचं आतलं सगळं उघडं असतं.
कुणीही वाचावं, कुणीही दुरुस्त करावं.
म्हटलं, म्हणजे नार्व्याच्या खाजनातल्या बांधासारखं?
भगदाड ज्याला दिसेल त्यानं चिखल घेऊन धावायचं?
तसंच, म्हणाली. खूश झाली.
मी गप्प बसलो.
बांध सगळ्यांचा होता तेव्हा
चिखल आमच्या आजोबांच्या डोक्यावर होता,
आणि गावकारीच्या वहीत, वाटणीच्या दिवशी,
त्यांचं नाव नसायचं.
'कुणीही' हा शब्द मी जरा जपूनच ऐकतो.

पहिल्याच सकाळी ळ गेला.
जिथं जिथं ळ, तिथं रिकामा चौकोन.
साखळी मधोमध तुटली, मुळगावाला भोक पडलं,
कूळ कायद्यातलं कूळ
अर्ध्यावर बेदखल.
रांगेतली बाई म्हणाली, जुनंच बरं होतं की.
रांगेला ते पटलं.

मला मात्र हे नवीन नव्हतं.
पोर्तुगीज वह्यांना ळ ठाऊकच नव्हता.
पुढे शाळेच्या दाखल्यावर मास्तरांनी मलिक लिहिलं,
आणि मी, गुणो मळीक,
दहावीपर्यंत कुणी दुसराच होतो.
काना-मात्रा चुकली तर माणूस हसतो,
ळ चुकला तर त्याची जमीन जाते.
हे मी खिडकीतून पाहिलंय.

सोनिशा म्हणाली, तुम्हीच कळवा ना.
कुणाला?
सगळ्यांना.
मी तीन वाक्यं लिहिली, मराठीत,
शेवटी सवयीनं 'आपला आज्ञाधारक'.
ते तिनं खोडलं.
इथं कुणी साहेब नाही, म्हणाली.
अर्जाला साहेब नाही!
मला त्या रात्री झोप लागली नाही.

एकोणीस दिवसांनी ळ परतला.
दुरुस्त करणारा ओडिशाचा कुणी मुलगा,
आमच्याकडेही हे अक्षर आहे, एवढंच त्यानं लिहिलं होतं.
खाली बारीक अक्षरांत यादी,
तिच्यात, कुठल्या कुठल्या गावांच्या नावांमध्ये:
प्रथम कळवणारा, गुणो मळीक, डिचोली.
मानधन नाही.
आजोबांनाही नव्हतं. पण त्यांना यादीही नव्हती.

प्रिंटर अजून नवीला ओळखत नाही.
मडगावचा माणूस येतो म्हणून तीनदा आला नाही.
म्हणून दाखला इथं टंकतो, चित्र म्हणून साठवतो
आणि जुन्या यंत्रावर नेऊन छापतो.
स्टिकर एव्हाना सुटत आलाय,
त्याच्या कडेनं 'नाही' तेवढं दिसतं.

आज दुपारी साळ गावची एक म्हातारी आली.
तिचा कागद छापला, तिला वाचता येत नाही,
तरी मी बोट ठेवून दाखवलं:
हे बघ आजी, कूळ.
तिनं बोटानं चाचपलं. शाई ओली होती,
ळ थोडा फिसकटला.
मी दुसरी प्रत काढली.